उघाडी झाली म्हणे

हे मी लिहावं का, हा प्रश्न माझाच मला पडलेला आहे. त्याचं उत्तर मिळायच्या आतच लिहायला बसलो, याबद्दल आधीच क्षमा मागतो. निवडणुकांविषयी लिहायचं तर ज्यांनी त्या लढवल्या त्यांनी लिहावं, नाहीतर ज्यांनी त्यांचा अभ्यास केला त्यांनी. मी एका निवडणुकीत रिक्षात बसून भोंग्यावर बोललो, एवढाच माझा संबंध. आमच्या घरात माझ्याआधी सहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे अजूनही लिहिताना कुणीतरी खांद्यावरून वाकून चुका शोधतंय असं वाटत राहतं. पण जे झालं ते एका शब्दावरून झालं, आणि तो शब्द दोन्हीकडचा माहीत असलेला त्या वेळी मी एकटाच असेन. दुसरं कुणी हे लिहील असं वाटत नाही.

आमचं गाव मुंबईच्या उत्तरेला, वरसाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून खाडीच्या अंगाला उतरलं की लागायचं. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, आणि खाडीचं खारं पाणी अडवायला मातीचा लांब बांध. बांधात एका ठिकाणी लाकडी दरवाजे बसवलेले होते. भरतीच्या रेट्याने ते मिटायचे आणि ओहोटी लागली की उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचे. या दरवाजांना आमच्याकडे उघाडी म्हणतात. गावच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, म्हणून उघारी. उघारी धड असली की भात पिकायचं. ती मोडली की उधाणाचं पाणी आत शिरायचं आणि उभं पीक जळून जायचं.

पूर्वी उघारीची डागडुजी सगळं गाव मिळून करायचं. घरटी एक माणूस चिखल, पेंढा, पोती घेऊन बांधावर जायचा. नव्वदीच्या सुरुवातीला, मी कॉलेजात गेलो तेव्हा, ती पद्धत मोडली होती. निम्म्या लोकांनी खाचरं बिल्डरला दिली होती आणि ज्याचं शेतच नाही तो चिखलात कशाला उतरेल? उघारीचा एक दरवाजा वाहून गेला होता, दुसरा बिजागरीवर लोंबत होता.

बांधालगत माझ्या आत्याचा एक तुकडा होता. आत्या वडिलांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आजोबांनी जाण्याआधी तो तुकडा तिच्या नावावर केला. त्यात लाल, जाडा तांदूळ व्हायचा. तो ती स्वतःच्या कणगीत भरायची आणि रोज सकाळी त्यातून मापटं भरून आईच्या सुपात ओतायची. घरात तेवढाच तांदूळ शिजायचा असं नाही. वडील हाटकेशला स्टीलची भांडी पॉलिश करायच्या गाळ्यात कामाला होते, विकतचा तांदूळही यायचा. पण त्या मापट्यामुळे आत्या आमच्या घरात पाहुणी नव्हती, आश्रित तर अजिबात नव्हती. माझ्या कॉलेजचा विषय निघाला तेव्हा वडील नाही म्हणत होते. आत्या मापटं ओतता ओतता म्हणाली, “शिकू दे त्याला. माझे कनगीतलं खातंय तो.” मी शिकलो तो असा.

वडिलांना तो तुकडा विकायचा होता.

“बाय, सही कर,” ते म्हणायचे. “बाजूची सगली जमीन गेली. मधी तुझा एक तुकरा ठेवून काय बेट करतेस काय?”

“करतेय बेट. होरी घेऊन ये भेटाला,” आत्या म्हणायची. होरी म्हणजे होडी.

“उघारी मोरलीय. दोन वरसं पीक न्हाय. कनगी बघितलीस?”

कणगी तळाला लागली होती. तिच्यात हात घातला की आत्याचा अख्खा दंड आत जायचा. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं.

कॉलेज बोरिवलीला होतं. राज्यशास्त्र घेतलं, कारण रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या मुलाने ते घेतलं होतं. पण वर्गात विचारसरणी हा शब्द पहिल्यांदा ऐकला आणि मी त्याच्या प्रेमातच पडलो. माणसं एका विचाराने एकत्र येतात आणि त्या विचारासाठी सत्ता मागतात, हे मला फार स्वच्छ वाटलं. त्याच सुमारास एका पक्षाचा अभ्यासवर्ग जेसल पार्कातल्या एका फ्लॅटमध्ये भरतो असं कळलं, आणि मी जाऊ लागलो.

वर्ग घेणाऱ्यांना आम्ही सर म्हणायचो. ते कुठे शिकवत नव्हते. मुंबईत एका कचेरीत नोकरीला होते, चाळीतली खोली विकून इकडे आले होते. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. त्यांच्याकडे मी आयुष्यात पहिल्यांदा सोफ्यावर बसलो. मी बोलताना ते मान पुढे करून ऐकायचे. माझं ‘न्हाय’ त्यांनी ‘नाही’ केलं, ‘पानी’चं ‘पाणी’ केलं, आणि एक दिवस म्हणाले, “तुझा आवाज चांगला आहे रे. खालून येतो. लोकांना खरा वाटेल.”

नगरपालिकेची निवडणूक लागली तेव्हा त्यांनी मला प्रचाराच्या रिक्षात बसवलं. मजकूर ते स्वतः लिहायचे. जेसल पार्कातल्या बिल्डिंगींसाठी एक, हाटकेशच्या गाळ्यांसाठी हिंदीतून दुसरा, आमच्या गावासाठी तिसरा. पहिल्यात मराठी माणूस आपल्याच घरात परका झाला होता. दुसऱ्यात कुणीच परकं नव्हतं, घाम गाळणारे सगळे भाऊ होते. तिसऱ्यात भूमिपुत्राच्या मातीचा सौदा चालला होता, आणि सौदा करणारे कोण ते सांगितलेलं नव्हतं. आमच्याच उमेदवारांपैकी एकाचा मेहुणा आमच्याच गावची जमीन घेत होता.

मी भीत भीत विचारलं, “सर, यातली आपली विचारसरणी कुठली?”

ते चिडले नाहीत. चहा बशीत ओतत म्हणाले, “विचारसरणी अभ्यासवर्गात. रिक्षात आवाज. माणूस मत देतो ते कळलं म्हणून नाही, वाटलं म्हणून. ‘आई’ म्हणालास की थांबायचं. ज्याला त्याला आपापली आठवू दे.”

मी ते वहीत लिहून घेतलं नाही, पण घरी जाताना रस्त्यावर ‘आई’ म्हणून थांबून पाहिलं. खरंच काहीतरी व्हायचं.

मग निवडणुकीच्या तोंडावर आमच्या पक्षाने दुसऱ्या एका पक्षाशी आघाडी केली. त्या पक्षाला आम्ही वर्षभर अभ्यासवर्गात मातीचे शत्रू म्हणत आलो होतो. सरांनी मला घरी बोलावून कॅसेटवर आवाज भरून घेतला. बाहेर बांधकामाची खडखड होती म्हणून खिडक्या लावल्या. सरांच्या पत्नीने, वहिनींनी, कुकर बंद केला. मजकूर छोटा होता: “आघाडी झाली. बंधूंनो, भगिनींनो, आपली आघाडी पक्की झाली. आता चिंता सोडा. आपले दिवस आले.”

“सर, पण त्यांना आपण...”

“ते मागचं झालं. ‘झाली’वर जोर दे. आघाडी कुणाशी हे लोक विसरतात. झाली, हे लक्षात राहतं.”

मी ‘झाली’वर जोर दिला.

रिक्षा गावात आत जात नसे. देवळापाशी रस्ता संपायचा, तिथूनच भोंगा खाडीकडे वळवायचे. उन्हाळ्यात दुपारनंतर खाडीवरून जोराचा वारा सुटतो आणि शब्दाची सुरुवात उडवून नेतो. आत्या बांधाजवळ राबासाठी पालापाचोळा गोळा करत होती. रोपं करायच्या जागेवर पाला जाळून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. दोन वर्षं पीक गेलं तरी ती राब भाजायची सोडत नव्हती. तिथे तिला माझा आवाज ऐकू आला. आघाडी हा शब्द आमच्या गावात कधी कुणाला लागला नव्हता. पुढे असणाऱ्याला आम्ही म्होरं म्हणतो. तिने ऐकलं: उघाडी झाली. आपली उघाडी पक्की झाली. आता चिंता सोडा.

मी घरी पोचलो तर ओटीवर चार बायका बसल्या होत्या आणि आत्या मधोमध. तिने माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

“मना आधी न्हाय सांगलंस,” ती म्हणाली. “भोंग्यावरून गावाला सांगतंस आनि घरात मुका.”

“काय नाही सांगितलं?”

“उघारी झाली ती.”

बायका हसल्या. मीही हसलो, कारण मला वाटलं ती थट्टा करते आहे. दुसऱ्या दिवशी त्या नारळ घेऊन बांधावर गेल्या. नवे दरवाजे बसले की पहिला नारळ खाडीला द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. एक दरवाजा नव्हता, दुसरा लोंबत होता, सगळं तसंच. त्या नारळ तसाच घेऊन परत आल्या. आत्या खचेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “झाली म्हनजे मंजूर झाली. सरकारी काम हाय, दरवाजे मागून येतील.”

तेव्हा मी तिला समोर बसवलं. म्हटलं, “आत्या, तो शब्द आघाडी. उघाडी नाही. दोन पक्ष एक झाले, एवढंच. दरवाजांचं कुणी काही बोललेलं नाही.”

“दोन पक्ष एक झालं तर मला कशाला सांगतील? मला काय करायचं हाय त्याचं?”

“मत मागायला सांगतात.”

“चिंता सोरा बोलले. पक्ष एक झाल्यावर कोनाची चिंता सुटते?”

मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात देवळापाशी रिक्षा आली. आत मी नव्हतो, कॅसेट होती. वारा आमच्याकडेच होता. माझाच आवाज, खालून येणारा, खरा वाटणारा, कौलांवरून घरात उतरला: “...घाडी झाली. आपली ...घाडी पक्की झाली.”

आत्याने बोट वर केलं. “आईक. तूच सांगतंस.”

“अगं, तो मीच आहे, पण मी तसं म्हणत नाही.”

“मग तू खोटा का तो खोटा?”

ओटीवर बसलेले वडील पहिल्यांदा हसले. “कालेजात धारला, आता घरात दोन झाले,” ते म्हणाले. कॅसेट फिरून पुन्हा पहिल्यापासून लागली. मी ओरडून बोलायला लागलो आणि भोंग्यापुढे मला माझाच आवाज ऐकू येईना.

सरांना मी जाऊन सांगितलं. आधी ते खूप हसले. मग म्हणाले, “थांब, उघाडी म्हणजे नेमकं काय?” मी सगळं सांगितलं, दरवाजे, भरती, आत्याचा तुकडा. मला वाटलं, ते मजकूर बदलतील. त्यांनी मान हलवून ऐकून घेतलं, आणि मजकूर तोच राहिला.

देवळासमोर सभा झाली. नेते मोठे होते, मुंबईहून आले होते. मध्येच आत्या उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने विचारलं, “उघारी कवा बसवता?”

नेते सरांकडे वाकले. सर त्यांच्या कानात काहीतरी बोलले. नेत्यांनी माईक हातात घेतला, स्टेजच्या कडेला आले आणि खाली उतरून आत्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, “आई.” आणि थांबले.

ती थांबण्याची जागा मला माहीत होती.

“आई, माझीही आई शेतात राबून गेली. तिच्याही शेतात खारं पाणी शिरलं. ते पाणी खाडीचं नव्हतं, तिच्या डोळ्यांतलं होतं. आज तुझ्या रूपात ती मला विचारते, उघाडी कधी? मी तुला शब्द देतो. आमची आघाडी म्हणजेच तुझी उघाडी.” आणि त्यांचे डोळे भरून आले. खरेच भरून आले. मी जवळ होतो, मला दिसले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आत्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, जसा ती माझ्या खांद्यावर ठेवायची.

त्यांची आई मुंबईत एका मोठ्या शाळेत शिक्षिका होती, हे सरांनीच मला परतताना सांगितलं. “पण बघितलंस?” ते म्हणाले, “हे शिकवून येत नाही.”

त्यानंतर मी रिक्षात बसलो नाही. त्याने काही फरक पडला नाही, कॅसेट होती.

आत्याने सही केली नाही. राब भाजला, पेरलं, रोपं काढून आवणी म्हणजे लावणी केली. निवडणूक आम्ही जिंकलो. ‘आम्ही’ असं लिहिलं खरं, सवय जात नाही. गावातली माणसं पालिकेत गेली तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की खारजमिनीचे बांध पालिकेकडे येत नाहीत, त्याचं खातं वेगळं. ते खातं कुठे आहे ते कुणाला माहीत नव्हतं. थोड्याच महिन्यांत सभापतिपदावरून दोन्ही पक्षांचं बिनसलं. वडील पेपर घेऊन आले आणि आत्याला वाचून दाखवलं: “आघाडी तुटली.”

“ती तुटलेलीच व्हती,” आत्या म्हणाली. “एक दरवाजा कवाचा वाहून गेलाय. पेपरवाल्यांना आता कललं?”

ती हे थट्टेने म्हणाली की मनापासून, ते मला तेव्हाही कळलं नाही.

भात चांगलं आलं होतं. त्या वर्षी पाऊस भरपूर होता, जमिनीतला खार धुऊन गेला होता, आणि लोंब्या धरायला लागल्या होत्या. गणपतीनंतरच्या उधाणाला पाणी उघाडीतून आत आलं. ओहोटीला पुरतं निघालं नाही, आणि दुसऱ्या भरतीला त्यावर आणखी आलं. वडील, मी आणि आत्या पोती घेऊन गेलो. वडील विकायच्या बाजूचे, तरी सगळ्यात खोल तेच उतरले होते. तीन माणसांनी काय होणार? पूर्वी तिथे सबंध गाव उभं राहायचं. जे वर रस्त्यावरून बघत होते तेही वाईट नव्हते, त्यांचं खाली काही उरलं नव्हतं इतकंच.

पीक पांढरं पडलं. आत्याने एक लोंबी दोन बोटांत दाबली, फोल फुटलं, आत काही नव्हतं. ती लोंबी तिने कमरेला खोचली आणि घरी आली. त्या आठवड्यात तिने अंगठा दिला. ट्रक आले, डबर आणि माती पडली. तुकडा कुठून कुठपर्यंत होता ते काही दिवसांनी आम्हालाही सांगता येईना.

कणगी माळ्यावर गेली. सकाळचं मापटं बंद झालं. कुणी आत्याला काही बोललं नाही. आई तर आधीपेक्षा जपून वागायची, आणि तेच वाईट होतं. जेवताना आई भात वाढायला आली की आत्या ताटावर हात आडवा धरायची. “बास,” म्हणायची. पूर्वी ती आईच्या हातातून पळी घेऊन स्वतः वाढून घ्यायची. माझ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी झाली त्यात ती ओटीवर आलीच नाही. वडिलांनी हाक मारली तेव्हा आतून म्हणाली, “तुमी ठरवा, तुमचं घर हाय.” जमीन विकायला वडीलच मागे लागले होते, पण हे वाक्य त्यांना नको होतं.

पुढे विधानसभेची निवडणूक आली. रिक्षा देवळापाशी आली, आवाज दुसऱ्या कुणाचा होता. मत देऊन आल्यावर मी आत्याला कुणाला दिलं ते विचारलं. तिने त्या नेत्यांच्याच पक्षाला दिलं होतं.

“आत्या, त्यांनी तुला फसवलं ना?”

“तो माझे समोर रडला,” ती म्हणाली. “तुमी कोन रडलात?”

मी राज्यशास्त्रात बी.ए. झालो, मग बी.एड. केलं आणि खानदेशातल्या एका गावात शाळेवर लागलो. नागरिकशास्त्र शिकवायला मिळालं. पक्ष म्हणजे समान विचारांच्या लोकांची संघटना, हे वाक्य पुस्तकात होतं. मी ते फळ्यावर लिहायचो आणि मुलं उतरवून घ्यायची. कुणी शंका विचारली नाही. विचारली असती तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे.

तिथे शाळेजवळच्या किराणा दुकानात माझा फोन यायचा. दशक संपत आलं होतं. राज्यात रोज कुणीतरी कुणाशी जुळवून घेत होतं, पेपर त्यानेच भरलेले असायचे. एका संध्याकाळी वडिलांचा फोन आला. लाईन खराब होती, पहिलं अक्षर गेलं.

“...घारी झाली,” ते म्हणाले.

“कोणाची कोणाशी?” मी विचारलं.

“कोनाची म्हनजे?” वडील म्हणाले. “उघारी. बांधावरची. लोखंडाचे दरवाजे बसवले. नव्या बिल्डिंगींच्या खाली भरतीचं पानी शिरत व्हतं, लोकांच्या गाऱ्या बुरत व्हत्या. तेच सायेब आले व्हते, नारल फोरला. बोलले, एका आईला शब्द दिला व्हता.”

“आत्याला बोलावलं होतं?”

“न्हाय. तिला मी सांगलं घरी येऊन.”

“मग?”

“काय न्हाय. बोलली, बरं झालं, त्यांच्या गाऱ्या आता भिजनार न्हाय.”